धोंडबाकाकांची वेणी

नागपूर, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिनल,

दोन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. रोज डायरी लिहिणाऱ्या माणसानं वेळ मिळाला नाही असं म्हणू नये, म्हणून म्हणत नाही. खरं कारण तुझं शेवटचं वाक्य आहे. आईला थोडे दिवस आमच्याकडे जबलपूरला राहू दे, असं तू फोनवर म्हणालीस. मी म्हणालो, "आई तिकडे येणार नाही, विषय संपला." त्यावर तू म्हणालीस, "दादा, आपला आवाज ऐक जरा. बाबाच बोलून राहिले." आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून कितीदा तरी तुझा नंबर काढला. आधी घसा साफ करून दोन शब्द मोठ्यानं बोलून पाहतो. आवाज बदलत नाही. म्हणून हे पत्र. कागदावर तरी माझा आवाज बाबांसारखा येणार नाही अशी आशा आहे.

आता मुद्दा. आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि उजवं मनगटही. धंतोलीतल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, चांगलं झालं, जिवाला धोका नाही. हे दोनदा वाच आणि मग पुढे जा.

अडचण वेगळीच उभी राहिली आहे. तू घर सोडलंस तेव्हा आईचे केस काळे होते. आता पांढरे आहेत, पण लांबी तीच, कमरेखाली. पडून पडून त्यांच्या गाठी झाल्या. पहिले काही दिवस तुझी वहिनी, कामिनी, विंचरत होती. आता तीच तापानं घरी पडली आहे आणि तिला इथं येऊ देत नाहीत. आमची अबोली नववीत आहे. तिनं स्वतःचेच केस पोरासारखे कापले आहेत आणि आजीच्या डोक्याला हात लावायची तिला भीती वाटते. आज सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, खाली फोड येतील. कापून टाकू, सुटसुटीत होईल. उद्या सांगा." त्या चुकीचं बोलत नव्हत्या. त्यांना वीस पेशंट बघायचे असतात.

आईनं ऐकलं. म्हणाली, "तुहा बाप गेला तवाबी केसं ठेवले म्या. आता बोडकी करता का मले?"

मी म्हणालो, मी विंचरतो. कंगवा घेतला आणि हात पुढे केला. मिनल, तिनं डोकं बाजूला घेतलं. 'नको' म्हणाली नाही. नुकतंच बसवलेलं हाड दुखत असताना मान आत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

कारण तुला सांगायला नको. दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही.

उद्या सिस्टरना उत्तर द्यायचं आहे.

तुझा दादा,
भूपेश


१३ फेब्रुवारी

प्रिय मिनल,

पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं, 'कारण सांगायला नको' हीच तर आपल्या घरची रीत. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणीच बोलत नाही. तर लिहून टाकतो.

बाबांच्या मागावर ताण्याचा उभा धागा तुटला होता आणि आईच्या ते वेळेवर लक्षात आलं नाही. बाबांनी तिला केस धरून मागापासून चुलीपर्यंत ओढत नेलं. आपण दोघं सुताच्या कांड्या भरत बसलो होतो. तुझा चरखा थांबला नाही, माझाही नाही. असं एकदाच झालं, हे मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. मी एकदाच पाहिलं, एवढंच खरं आहे.

आणि माझे हात बाबांचे आहेत. बोटं तशीच लांब, अंगठ्याचं नख तसंच चपटं. परवा आईनं ज्या हाताला चुकवलं, तो तिच्या दृष्टीनं कुणाचा होता, हे विचारायची गरज नाही. बुटीबोरीला कामावर जाता-येता बसमध्ये मी माझ्याच हातांकडे पाहत होतो. कंपनीत दिवसभर कापड तपासायचं, दोष शोधायचे. ती सवय घरी आणली की माणूस झोपत नाही.

काल सकाळी मात्र मला धोंडबाकाका आठवले.

तुझे सासरे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण मला ठाऊक असलेले धोंडबाकाका तू बहुधा पाहिले नसशील, कारण तेव्हा तू फार लहान होतीस. तुम्ही सगळे जबलपूरला गेलात, त्याच्या कितीतरी आधी पाचपावलीच्या आपल्या गच्चीवरून त्यांचं अंगण सरळ दिसायचं. बायजाकाकू मेडिकलला नर्स. त्या सकाळच्या ड्यूटीवर गेल्या की तुझ्या नणंदेची, मायाची, वेणी काका घालायचे. छापखान्यात जायचा पांढरा शर्ट अंगात, रिबीन दातांत धरलेली, आणि माया समोर पाटावर. आपले बाबा वरून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "पाहा, बाई बसली अंगणात!" काका दातांतली रिबीन काढून वर बघायचे. "बाबनराव, तुमचे केसं शाबूत असते तं तुमचीबी घातली असती!" बाबांना तेव्हाच टक्कल पडायला लागलं होतं. खाली माया खिदळायची. बाबा आत यायचे आणि त्या दिवशी माग जरा जास्तच जोरात चालायचा.

पण मला हसण्यापेक्षा दुसरंच लक्षात राहिलं. कंगवा उचलण्याआधी काका मायाला विचारायचे, "हात लावू का वं?" रोज. स्वतःच्या पोटच्या पोरीला. ती म्हणायची, "लावा, पन ओढू नका." मग ते सुरू करायचे. एकदा ती रुसली होती, 'नको' म्हणाली. ते रिबीन तिच्या हातात देऊन सायकलवर बसून निघून गेले. माया मोकळ्या केसांनी शाळेत गेली. मला वाटलं होतं, आता तिला मार बसणार. संध्याकाळी पाहिलं तर दोघं अंगणात मुरमुरे खात बसले होते.

तर काल सिस्टर यायच्या आत मी कंगवा खाली ठेवला. आईच्या समोर स्टुलावर बसलो, तिला माझे दोन्ही हात दिसतील असा. म्हटलं, "आई, हात लावू का?"

तिनं माझे हात नीट पाहिले. मग म्हणाली, "असं कोनी इचारते का?"

मी म्हटलं, "मी विचारून राहिलो."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, संपलं. मग समजलं की तोंड फिरवलं म्हणजे पाठ माझ्याकडे केली आहे, आणि केस.

टोकापासून सुरुवात केली. खोबरेल तेल, मोठ्या दातांचा कंगवा, एकेक गाठ बोटांनी सोडवत. एखादी गाठ नाहीच सुटली. तेवढी तिला विचारून कात्रीनं काढली. बाकी सगळे वाचले. मधेच तिचा श्वास संथ झाला. मिनल, आई माझ्या हाताखाली झोपली होती.

शेजारच्या खाटेवर वणीच्या एक आजी आहेत. त्यांनी सुनेला हाक मारली, "पाह्य वं, पोरगा वेनी घालून राहिला! माह्या पोराले माही चप्पल कोनती हे मालूम नाही."

सिस्टर कात्री घेऊन आल्या आणि परत गेल्या.

भूपेश


१७ फेब्रुवारी

प्रिय मिनल,

तुझं पत्र आलं. आत एकच ओळ: 'केस कापू दिलेस का?' माझं दुसरं पत्र तोवर तुला मिळालं नव्हतं, हे उघड आहे. आता मिळालं असेल. तरी पुन्हा लिहितो: नाही. एक केसही तिला न विचारता कापला नाही.

तुझी ओळ मी आईला दाखवली नाही. तुझं नाव मी अजून तिच्यासमोर काढलेलं नाही. बाबा होते तोवर काढायची सोय नव्हती आणि ते गेल्यावर सवय राहिली नव्हती. पण आज दुसरं एक नाव काढलं, आणि आता काय होईल ते कळत नाही.

असं झालं. वेणी घालून झाली आणि सिस्टरनं दिलेल्या पट्टीच्या तुकड्यानं मी टोक बांधलं. आईनं डाव्या हातानं चाचपलं, आणि मोठ्यानं हसली. पडल्यापासून पहिल्यांदा. "हे तं मागावरची गाठ हाय! तुह्या बापाची!"

खरंच होती. तुटलेला धागा जोडायची ती बारीक गाठ, ओढली की आणखी घट्ट होणारी. माझी बोटं विचार न करता तीच मारतात. अबोली बालवाडीत असताना तिच्या वेण्या मीच घालायचो, तेव्हा हाच घोळ झाला होता. घरी येताना एका वेणीची रिबीन कापलेली. बाईंनी निरोप दिला होता: 'ही गाठ ज्यांनी मारली, त्यांनीच सोडायला शाळेत यावं.' मग मी फुलाची गाठ मारायला शिकलो. इथं घाईत विसरलो.

हसता हसता आई म्हणाली, "गाठ बापाची. पन वेनी कोनं शिकवली गा तुले? बापानं तं शिकवली नसन."

कामिनीनं हेच लग्नानंतर विचारलं होतं. विणकराचा मुलगा, बोटांतच असणार, असं तिनंच उत्तर दिलं आणि मी मान हलवली होती. आजही तसं करता आलं असतं.

मी म्हटलं, "धोंडबाकाकांनी."

तिचं हसू थांबलं. मी सांगत गेलो. सुटीच्या दिवशी मी पतंग मुद्दाम त्यांच्या अंगणात पाडायचो. तो आणायला उतरलो की काका म्हणायचे, "आला का गा पतंग? आलाच हाय तं हे टोक धर." मी टोक धरायचो आणि ते तीन पेड कसे फिरतात ते बघायचो. "ओढू नोको. दोर नाही होय, पोरगी हाय." मग घरी मागाच्या खांबाला तुटक्या सुताच्या लडी बांधून मी सराव करायचो. एकदा वेणी तशीच राहिली. बाबांनी ती ओढून पाहिली, मजबूत आहे म्हणाले आणि मागाच्या पायाखालच्या पावडीला दोर म्हणून बांधली. कितीतरी लुगडी त्या वेणीवर विणली गेली. ती कुणाची शिकवण आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

या गोष्टीला आई हसेल असं मला वाटलं होतं. पण तिनं जेवण अर्धं टाकलं. मी निघालो तरी काही बोलली नाही.

मी चूक केली का? ते नाव तिच्यासाठी काय आहे, मला ठाऊक नाही. ज्या घरानं तिची मुलगी नेली, त्या घराचा कर्ता, एवढंच असेल तर? आणि बाबांच्या माघारी त्यांच्याच शेजाऱ्याला मी माझ्या बापाच्या जागी बसवला, असं तिला वाटलं असेल तर तेही अगदी खोटं नाही. बाबा ताण्यावरून नुसती बोटं फिरवून तुटलेला धागा काढायचे. माझा हात धरून त्यांनी ते मला शिकवलं, आणि आज त्यावरच माझं पोट आहे. ते मी विसरलेलो नाही. पण घरात कसं वागायचं, हा प्रश्न पडला की मी त्यांच्याकडे कधीच पाहिलं नाही. मी गच्चीवरून खाली पाहिलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू प्रीतमशी लग्न करून त्या घरात गेलीस, तेव्हा घरात सगळे संतापले होते. मीही संतापल्यासारखा दिसत असेन. मला तुझा हेवा वाटला होता. तू त्या अंगणात राहायला गेलीस आणि मी गच्चीवरच राहिलो.

दादा


२१ फेब्रुवारी

मिनल,

बस. आधी बस आणि मग वाच. प्रीतमही घरी असेल तर त्यालाही बोलाव.

दोन दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलली. वेणी घालून घेत होती, मी विचारलं की पाठ फिरवत होती, एवढंच. काल सकाळी म्हणाली, "पयले तो पडदा लाव." दोन खाटांच्या मधला पडदा मी ओढला. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती बोलली. जशी बोलली तशी लिहितो.

"तुह्या बापानं मले ओढत नेलं होतं, आठवते का तुले? तू पाहून राहिला होता."

मी हो म्हटलं.

"दुपारी तो यार्न आनाले गेला. मी मागच्या दारानं बायजाकडे गेली. डोक्यावरचा पदर काढाले हिंमत नव्हती. तिनं काही इचारलं नाही. 'हात लावू का चंद्रकला?' म्हने. तेल कोमट करून लावून देल्लं तिनं. अन् धोंडबा दारात उभा होता. रस्त्याकडे तोंड करून. कोनी येऊ नये म्हनून. येक डाव मांगं वळून पाह्यलं नाही त्यानं."

माझे हात थांबले होते. ती म्हणाली, "थांबू नोको, घाल तू."

मी घालत राहिलो.

"मंग मी किती डाव गेली असन तिच्याकडे. तुह्या बापाले समजू देल्लं नाही. तुले वाटलं तूच येकटा पतंग पाडते का?"

मिनल, मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हॉस्पिटलच्या खोलीत उभा राहून हसत होतो आणि नाक पुसत होतो.

पुढचं तुझ्यासाठी आहे. ती म्हणाली, "पोरगी त्या घरी गेली तवा मले वाटलं, जागा बरी हाय. जीव निवांत झाला माहा. पन तोंडातून निघालं नाही. बापाले भेलो आपन. तो मेला तरी भेऊनच राहिलो."

मी विचारलं, "मग बोलावू का तिला?"

ती काही बोलायच्या आत पडद्यापलीकडून वणीच्या आजी म्हणाल्या, "बोलाव ना बाबू! म्या कवाची आयकून राहिली!"

आई म्हणाली, "बोलाव. अन् त्या धोंडबालेबी घेऊन ये म्हना. बायजा वारली तवा मी गेली नाही, ते राहिलं माह्या मनात."

कंपनीत गेलो तर साहेबांनी विचारलं, बरं आहे ना सगळं? मी म्हटलं, हो. आणि लक्षात आलं की या प्रश्नाला मी बऱ्याच वर्षांनी विचार न करता उत्तर दिलं.

ये. सगळे या.

दादा


२८ फेब्रुवारी

प्रिय मिनल,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझी गाडी उद्या दुपारी येते, तेव्हा हातातच देईन. फोन सुरू झाल्यावर पत्रं कशाला, असं तू परवा विचारलंस. खरं सांगायचं तर मला आता सवय लागली आहे. आणि काही गोष्टी मी अजून फोनवर बोलू शकत नाही.

त्या दिवशी मी फोनवर 'हॅलो' म्हटलं. मग तू म्हणालीस, "आवाज बाबांचाच हाय गा दादा. पन बोलते कोन, ते समजून राहिलं." मी ते डायरीत लिहून ठेवलं आहे. मग तुझ्या हातून फोन धोंडबाकाकांनी घेतला. नमस्कार नाही, खुशाली नाही. "म्हातारीले इचारून हात लावतं ना गा?" मी हो म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि फोन प्रीतमला देऊन टाकला. इतक्या वर्षांनंतरचं आमचं बोलणं एवढंच. मला पुरलं.

आई घरी आली आहे. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. कामिनी बरी आहे. तुम्हा सगळ्यांसाठी काय करायचं यावर तिची आणि आईची सकाळपासून जुंपली आहे. आई म्हणते पाटवडी, धोंडबाले आवडते. कामिनी म्हणते, तुम्हाला कसं ठाऊक? आई म्हणते, मले सारंच मालूम राहते. अबोली तुझे जुने फोटो बघून विचारते, आत्या अजून एवढीच बारीक आहे का? मी सांगितलं, उद्या बघ.

बाबांचा फोटो बैठकीत आहे. मी तो काढणार नाही. आईनंही काढायला सांगितलेलं नाही. तुला त्याकडे पाठ करून बसायचं असेल तर खुर्ची तशी ठेवता येईल. आज सकाळी त्या फोटोवरची धूळ पुसली. हात त्यांचे आहेत, हे आता नुसतं खरं आहे, त्यात भिण्यासारखं काही उरलं नाही. या हातांनी काय करायचं, ते मी कधीच दुसऱ्या अंगणात शिकून आलो होतो. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आईची वेणी सोडत होतो. फुलाची गाठ होती, एका ओढीत सुटली. मी म्हटलं, "उद्या जरा लवकर घालू. गाडीच्या आधी तयार हो."

ती म्हणाली, "उद्या नाही."

"काहून?"

"माही पोरगी येऊन राहिली ना. तिले इचारू दे."

उद्याचं काम: आईच्या केसांना हात लावायचा नाही.